ताटातून काय वगळावे? त्या जागी काय वाढावे?

एका गावी आरोग्य तपासणी शिबिर आटोपल्यानंतर सायंकाळी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मंडळी जमली होती. शिबिरात अनेकांच्या रक्तातील साखर वाढलेली आढळल्याने बोलणे साहजिकच खाण्यापिण्यावर गेले. एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी भाकरी, भात आणि पोळी यांना कायमचा रामराम ठोकला होता. सोसायटीचे सचिव तेल-तुपाला शिवत नव्हते. पंचायतीच्या एका तरुण सदस्याने मांस आणि अंडी तर सोडलीच होती, पण दूध-दहीही बंद केले होते. प्रत्येकाजवळ आपापल्या मताच्या पुष्ट्यर्थ कोणा ना कोणा तज्ज्ञाचा दाखला होता. हा वाद बराच वेळ निमूटपणे ऐकत बसलेल्या अंगणवाडी सेविकेने अखेरीस विचारले, “गुरुजी भाकरी नको म्हणतात, भाऊसाहेब तेल-तूप नको म्हणतात, दादा दूध-अंडी नको म्हणतात. मग उद्या सकाळी लेकरांना मी वाढू तरी काय?”

त्या दिवशी या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणालाच देता आले नाही. प्रस्तुत लेखात ते शोधण्याचा प्रयत्न केला आहे. हा प्रश्न त्या एका गावापुरता नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत. प्रौढांमध्ये हे प्रमाण ११.४ टक्के पडते. आपल्या शेजारच्या गोव्यात तर ते २६.४ टक्के आढळले. दुसऱ्या बाजूस, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी ३५ बालके वयाच्या मानाने खुजी आहेत, आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. अतिपोषणाचे रोग आणि कुपोषण एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात नांदत आहेत. अशा समाजात ‘हे खाऊ नका’ एवढाच उपदेश सरसकट केला, तर एकाचे औषध दुसऱ्याचे अपथ्य ठरण्याचा संभव असतो.

वादातील पक्ष

आपल्या अन्नातून शरीराला उष्णता व शक्ती देणारे घटक मुख्यतः तीन. धान्ये, कंदमुळे, साखर-गूळ यांतून मिळणारी कर्बोदके अथवा पिष्टमय पदार्थ. तेल, तूप, तेलबिया यांतून मिळणारे स्निग्ध पदार्थ. आणि डाळी, दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळणारी प्रथिने. एक ग्रॅम कर्बोदकांपासून अथवा प्रथिनांपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९.

हा साधा हिशेब प्रथम पाहिला की तेल-तूपच अपराधी वाटू लागते. पण शरीराला स्निग्ध पदार्थांची नितांत गरज असते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाच्या साहाय्यानेच शोषली जातात. पालेभाजीत तेलाची फोडणीच नसेल, तर तिच्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक बव्हंशी वाया जातो. शिवाय सर्व स्निग्ध पदार्थ सारख्या गुणाचे नसतात. तूप, लोणी, खोबरेल, पाम तेल यांत संपृक्त स्निग्धाम्ले अधिक असतात; शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल, जवस, मोहरी यांच्या तेलांत असंपृक्त स्निग्धाम्ले अधिक असतात. संपृक्त स्निग्धाम्लांचे प्रमाण वाढले म्हणजे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते, हे आता निर्विवाद आहे. वाद आहे तो पुढील पायरीचा.

अमेरिकेतून निघालेली वावटळ

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ऐन उमेदीच्या वयातील पुरुष हृदयविकाराने मृत्यू पावू लागले. मिनेसोटा विद्यापीठातील शास्त्रज्ञ अँसल कीज यांनी १९५८ मध्ये अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान या सात देशांतील बारा हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी सुरू केली. ज्यांच्या आहारात संपृक्त स्निग्धांश अधिक, त्यांच्यात हृद्रोगाचे मृत्यू अधिक, असे तीत दिसून आले. मात्र त्याच पाहणीत ग्रीसच्या क्रीट बेटावरील शेतकऱ्यांच्या आहारात ऑलिव्ह तेलाच्या रूपाने स्निग्धांश भरपूर होता आणि हृद्रोग मात्र अत्यल्प होता. या गोष्टीकडे लोकांचे तितकेसे लक्ष गेले नाही.

याच काळात लंडनचे आहारशास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी दोष साखरेवर ठेवला व १९७२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे त्या वेळी मागे पडले. हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये लिहिलेल्या ज्या समालोचनात साखरेचा दोष सौम्य करून स्निग्धांशावर भर दिला होता, त्यासाठी साखर व्यवसायाच्या संस्थेने पैसे दिले होते, ही गोष्ट २०१६ मध्ये जुन्या कागदपत्रांवरून उघड झाली. आहारविषयक मत ऐकताना त्यामागे कोणाचा व्यापार उभा आहे हे पाहावे, हा धडा यातून मिळतो.

अमेरिकन सिनेटच्या समितीने १९७७ मध्ये स्निग्धांश कमी करावा व कर्बोदके वाढवावीत असे सुचविले. समितीला अभिप्रेत होती ती फळे, भाज्या आणि अख्खी धान्ये. बाजाराने दिली ती ‘स्निग्धांशविरहित’ असा शिक्का मारलेली, साखर आणि मैदा यांनी भरलेली बिस्किटे. लोकांनी लोणी सोडले. त्या जागी बिस्किटे आली. वजने उतरली नाहीत. पुढे याची प्रतिक्रिया म्हणून ‘धान्य सोडा, तूप-लोणी हवे तितके खा’ असा दुसऱ्या टोकाचा पंथ निघाला, आणि आज तो आपल्या चावडीपर्यंत येऊन पोचला आहे.

या साऱ्या इतिहासात एक सूत्र स्पष्ट दिसते. माणूस एखादा पदार्थ वगळतो तेव्हा ताटात पोकळी राहत नाही. तेथे दुसरे काही तरी येते. सबब, ‘काय सोडले’ हा अर्धाच प्रश्न होय; ‘त्या जागी काय आले’ हा उरलेला अर्धा. आपल्या देशातील काही दाखल्यांवरून हे अधिक चांगले समजेल.

रेल्वे कर्मचारी आणि करडईचे तेल

पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातील रेल्वे कर्मचाऱ्यांमधील हृद्रोगाच्या मृत्यूंचा अभ्यास करून १९६७ मध्ये तो ब्रिटनमधील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. दूध-तूप मुबलक खाणाऱ्या उत्तरेकडील कर्मचाऱ्यांपेक्षा, अत्यल्प स्निग्धांश आणि मुख्यतः भात खाणाऱ्या दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांत हृद्रोगाचे मृत्यू सुमारे सात पट अधिक होते. यावरून ‘तूप खा, हृद्रोग टळेल’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल; कारण राहणी, श्रम, अन्नातील चोथा अशा कितीतरी बाबी या दोन गटांत निरनिराळ्या होत्या. परंतु केवळ स्निग्धांश कमी असणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे, एवढे मात्र या पाहणीने साठ वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते.

दुसरा दाखला आपल्या सोलापूर-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या परिचयाच्या करडईचा. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना लोणी वगैरे कमी करून त्याऐवजी करडईचे तेल व त्यापासून केलेले कृत्रिम लोणी देण्यात आले. कोलेस्टेरॉल उतरले. परंतु जुनी माहिती पुन्हा तपासून २०१३ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध झाला त्यावरून असे दिसले की करडई घेणाऱ्या गटात १७.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ११.८ टक्के रुग्ण दगावले होते. हा एक लहान प्रयोग आहे, आणि सर्व प्रयोगांचा एकत्रित विचार केला तर संपृक्त स्निग्धांश दीर्घकाळ कमी ठेवल्याने हृद्रोगाच्या घटना सुमारे १७ टक्क्यांनी घटतात, असे २०२० मधील एका विस्तृत समालोचनात आढळले आहे. तेव्हा करडईला दोष देण्याचे कारण नाही. पण एकाच तेलावर सारा भार टाकण्यापेक्षा तेले आलटून पालटून वापरावीत, हा आहारतज्ज्ञांचा सल्ला का महत्त्वाचा आहे, ते यावरून कळून येईल.

तिसरा दाखला वनस्पती तुपाचा. १९३७ पासून ‘डालडा’ या नावाने ते आपल्या घराघरांत पोचले. महाग तुपाला स्वस्त आणि शाकाहारी पर्याय म्हणून त्याचे स्वागत झाले. परंतु पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या क्रियेत ‘ट्रान्स’ नावाची स्निग्धाम्ले निर्माण होतात. ती अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात व हितकारक कोलेस्टेरॉल घटवितात; म्हणजे तुपाहूनही ती वाईट. हे प्रमाण कायद्याने टप्प्याटप्प्याने खाली आणून १ जानेवारी २०२२ पासून तेले व स्निग्ध पदार्थांत २ टक्क्यांवर मर्यादित करण्यात आले आहे. ‘वनस्पतिजन्य’ म्हणजे आपोआप ‘आरोग्यदायी’ नव्हे, याचे याहून स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

भाकरीचा दोष किती?

आता मुख्याध्यापकांच्या मताकडे वळू. त्यात तथ्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वर उल्लेखिलेल्या पाहणीचा आहारविषयक भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, तर प्रथिनांतून अवघे १२ टक्के, असे त्यात दिसून आले. ही कर्बोदके मुख्यतः पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये आणि साखर यांची असतात. शरीराच्या श्रमाला लागतात त्याहून अधिक कर्बोदके पोटात गेली की यकृत त्यांची चरबी बनविते. अंगमेहनत कमी झालेल्या पण ताट पूर्वीइतकेच राहिलेल्या माणसाची साखर वाढते ती यामुळे.

आपल्याकडील माणसाच्या शरीररचनेतही एक वैशिष्ट्य आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या एका सहकारी डॉक्टरांसमवेत २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन अगदी सारखे होते. पण इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील त्यांच्या अभ्यासात तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने कितीतरी हलकी, परंतु त्वचेखालील चरबीत मात्र त्या मानाने फारशी मागे नसलेली आढळली. म्हणून ‘मी तर किडकिडीत आहे, मला कसला मधुमेह?’ हा समज आपल्या लोकांनी सोडून दिला पाहिजे.

मग धान्य पूर्ण सोडावे काय? तसे मुळीच नाही. अमेरिकेतील सुमारे पंधरा हजार प्रौढांच्या पंचवीस वर्षांच्या निरीक्षणातून २०१८ मध्ये असे दिसले की, ज्यांच्या आहारात कर्बोदके ५० ते ५५ टक्के होती ते सर्वांत दीर्घायुषी ठरले. फार अधिक आणि फार कमी कर्बोदके घेणारे दोघेही मागे पडले. कर्बोदके घटवून ज्यांनी त्या जागी मांस व लोणी वाढविले त्यांच्यात मृत्यू वाढले. ज्यांनी डाळी, दाणे, भाज्या वाढविल्या त्यांच्यात घटले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ लोकांवरील वर्षभराच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटाने स्निग्धांश कमी केला, दुसऱ्याने कर्बोदके. दोहोंनाही भाज्या भरपूर खाण्यास व साखर-मैदा टाळण्यास सांगितले होते. वर्षाअखेर एका गटाचे वजन सरासरी ५.३ किलो, तर दुसऱ्याचे ६ किलो उतरले. म्हणजे दखल घेण्याजोगा फरक पडलाच नाही.

येथे भरडधान्यांविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी ही उत्तम धान्ये आहेत. त्यांत चोथा भरपूर आहे, नाचणीत चुना आहे, बाजरीत लोह आहे. परंतु २०२५ च्या उपरोक्त अहवालानुसार, पांढऱ्या तांदळाऐवजी गहू अथवा भरडधान्य घेतले आणि एकूण धान्य तितकेच राहिले, तर मधुमेहाचा धोका घटल्याचे दिसले नाही. धान्यातील थोडा वाटा कमी करून तो डाळी, दूध, अंडी अथवा मासे यांतील प्रथिनांना दिला तेव्हाच तो घटलेला दिसला. भाताची मूद जाऊन त्या जागी चौथी भाकरी आली तर हाती काही लागत नाही. वाटीभर मटकीची उसळ आली तर लागते.

जे मधुमेही इन्सुलिन अथवा गोळ्या घेत आहेत, त्यांनी ऐकीव माहितीवरून धान्य एकदम बंद करू नये. औषध तेवढेच आणि अन्न कमी, अशा स्थितीत रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. आहारातील असा बदल डॉक्टरांना विचारून, औषधाची मात्रा तपासून घेऊनच करावा.

केवळ वनस्पतिज आहार पुरेसा आहे काय?

डाळी, भाज्या, फळे, दाणे आणि अख्खी धान्ये यांवर आधारलेला आहार हृदयाला व रक्तदाबाला हितकारक असतो, याविषयी जगातील बहुतेक आहारतज्ज्ञांचे एकमत आहे. आपली परंपराही त्याला अनुकूल आहे. खानदेशातील कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळले जातात. कोकणात भातासोबत कुळथाची पिठी येते. घाटावर भाकरीसोबत पिठले असते. धान्यातील प्रथिनांत जी उणीव असते ती डाळ भरून काढते, आणि डाळीतील उणीव धान्य. हे रसायनशास्त्राने सांगण्यापूर्वी आपल्या आजीबाईंना अनुभवाने ठाऊक होते.

तथापि शाकाहार म्हणजे निव्वळ मांस न खाणे नव्हे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, शेव-फरसाण आणि गोड चहा हाही शाकाहारच आहे. पण त्यात आरोग्य नाही. दुसरी बाब ‘बी-१२’ या जीवनसत्त्वाची. रक्त आणि मज्जातंतू यांना अत्यावश्यक असलेले हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. धान्य, डाळ वा भाजी यांतून मिळत नाही. पुणे व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीत ६७ टक्के लोकांत ते कमी आढळले होते. म्हणून ज्यांनी अंडी-मांस सोडले त्यांनी दूध-दही-ताक नियमित ठेवावे. दूधही सोडावयाचे असेल तर ‘बी-१२’ औषधरूपाने, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेच पाहिजे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्या बाबतीत तर येथे हयगय होता कामा नये.

कोणी काय खावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा, आवडीचा आणि ऐपतीचा प्रश्न आहे. शास्त्र एवढेच सांगते की, अंडे न देणाऱ्या घराने मुलाच्या ताटात अंड्याच्या तोडीचे दुसरे काही तरी वाढले पाहिजे. आणि मांस-मासे खाणाऱ्या घरानेही डाळ-भाजीला फाटा देता कामा नये.

मग ताट कसे असावे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी तीत पुढील प्रमाण सुचविले आहे: धान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये (अथवा त्यांतील काही भागाऐवजी अंडी, मासे, मांस) ८५ ग्रॅम, पालेभाज्यांसह सर्व भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध अथवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ यांसारख्या तेलबिया व कवचफळे ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. या ताटात धान्यापासून मिळणारे उष्मांक ४५ टक्क्यांच्या आसपास राहतात. कष्टाची कामे करणाऱ्यास याहून अधिक अन्न लागेल हे उघडच आहे. त्याने सर्वच पदार्थ त्या मानाने वाढवावेत.

हे आकडे घरखर्चाच्या भाषेत मांडू. दरडोई २७ ग्रॅम तेल म्हणजे चार प्रौढ माणसांच्या कुटुंबाला महिन्याला सुमारे सव्वातीन किलो. आपल्या घरात महिन्याकाठी किती तेल येते, हे ज्याने त्याने किराणा मालाच्या यादीवरून पडताळून पाहावे. डाळ, कडधान्ये मिळून त्याच कुटुंबाला महिन्याला सुमारे दहा किलो लागतील. येथे मात्र बहुतेक घरांत उलट चित्र दिसेल: तेल अधिक, डाळ कमी.

हे ताट प्रत्येकाला परवडणारे नाही, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे. परंतु त्यासाठी बदाम-अक्रोड लागतात असे नाही. मूठभर भाजलेले शेंगदाणे, जवसाची व कारळ्याची चटणी, शेवग्याचा पाला, अंबाडी, चाकवत, हुलगे, मटकी, पावटे आणि ताक हे आपल्या मातीतील पदार्थ आहेत. तळण एकदा वापरलेल्या तेलातच पुनःपुन्हा करू नये. मीठ दिवसाला एका व्यक्तीस ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, पुरे.

रेशन, शाळा आणि पंचायत

आजवर विचार झाला तो एकेका घराचा. पण ताटात काय येते हे घराइतकेच धोरणानेही ठरते. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली, परदेशातून आलेली मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली. त्या वेळी प्रश्न भूक भागविण्याचा होता आणि धान्य हेच त्याचे उत्तर होते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. रोजचा हिशेब केला तर ते सुमारे १६५ ग्रॅम होते. म्हणजे पोषण संस्थेने सुचविलेल्या धान्याचा दोन तृतीयांश वाटा रेशनमधूनच भागतो. भुकेपासून संरक्षण देणारी ही मोठीच तरतूद आहे. परंतु डाळ आणि भाजी यांचा वाटा मात्र ज्याचा त्यालाच उभा करावा लागतो, आणि गरिबाचे ताट नेमके तेथेच उणे पडते.

ही उणीव भरून काढण्याची काही साधने गावाच्या हाती आहेत. शाळेतील माध्यान्ह भोजनात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल, तर सहावी ते आठवीसाठी अनुक्रमे १५०, ३०, ७५ व ७.५ ग्रॅम असे प्रमाण ठरलेले आहे. यातील डाळ आणि भाजी खरोखर तेवढी पडते की नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी महिन्यातून एकदा तराजू घेऊन पाहिले, तरी पुष्कळ काम होईल. शाळा व अंगणवाडीची परसबाग, हातपंपाच्या सांडपाण्यावर वाढविलेली शेवग्याची चार झाडे, बांधावर तूर व पावटा, यांना फार पैसा लागत नाही, लक्ष लागते. शिक्षकांनी मुलांना पाकिटावरील मजकूर वाचावयास शिकवावे. आणि बैठकांच्या वेळी बिस्किटे-फरसाणाऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे व ताक ठेवण्याचा पायंडा अधिकाऱ्यांनी व पंचायतींनी पाडला, तर उपदेशाला आचरणाची जोड मिळेल.

सेविकेच्या प्रश्नाचे उत्तर

प्रौढांचे पथ्य मुलांना लावता येत नाही, हे प्रथम लक्षात ठेवले पाहिजे. बालकाचे पोट लहान आणि गरज मोठी असते. थोड्या अन्नात पुरेसे उष्मांक बसवावयाचे तर त्यात तेल-तूप हवेच. दोन वर्षांखालील मुलाचा तर स्निग्धांश तोडूच नये. धान्य हवे, कारण खेळण्या-वाढण्याला शक्ती लागते. डाळ-उसळ हवी, कारण शरीराची बांधणी प्रथिनांनी होते. भाजी हवी, कारण रक्त वाढावयास पाहिजे. दूध किंवा अंडे, जे त्या घराला चालते ते, शक्य तितक्या वेळा हवे. म्हणजे त्या दिवशी चावडीवर तिघांनी मिळून जे जे वगळले होते, ते सर्वच तिच्या लेकरांना लागते.

तेव्हा त्या सेविकेने खिचडीत तांदळाच्या जोडीला डाळीचा हात सैल सोडावा, वरून चमचाभर तेल किंवा तूप घालावे, चिरलेला पाला शिजताना टाकावा. आणि आपले मुख्याध्यापक, भाऊसाहेब व तरुण सदस्य या तिघांनी भाकरी, तेल वा दूध यांशी भांडत बसण्यापेक्षा, तिच्या परसबागेला कुंपण व पाणी मिळेल असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडावा. आपल्या ताटातून काय वगळावे याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. मुलांच्या ताटात काय वाढावे याची जबाबदारी मात्र साऱ्या गावाची आहे.